मधल्या खंडाची टिपणं

'द टू टॉवर्स' उघडलं की पहिल्या दोन-तीन पानांतच कळतं, आपण उशिरा पोचलो. अ‍ॅरागॉर्न टेकडीवर आहे. खालच्या झाडीतून बोरोमिरच्या शिंगाचा आवाज येतो आणि तो धावत सुटतो. पोचतो तेव्हा बोरोमिर झाडाला पाठ टेकून बसलेला, अंगात बाण रुतलेले, तलवार मुठीजवळ मोडलेली, शिंगाचे दोन तुकडे झालेले. लढाई होऊन गेली. ती आपल्याला दाखवायची तसदी टोल्किननं घेतलेली नाही.

ही सवय पुढे खंडभर चालू राहते. मोठ्या घटना आपल्या पाठीमागे घडतात आणि आपण मागाहून पोचून चौकशी करतो.

*

लांबलचक फँटसी मालिकांचे वाचक पहिल्या भागावर जीव टाकतात आणि शेवटच्या भागावरून भांडतात. मधल्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नवं जग पहिल्यांदा पाहण्याचं अप्रूप ओसरलेलं असतं, शेवट अजून दृष्टीत नसतो, आणि माणसं चालत असतात. नुसती चालत असतात. पुष्कळांचं पुस्तक इथंच उशाशी पडून राहतं.

माझं मत आधीच नोंदवून ठेवते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मधला खंड तिन्हींत सरस आहे, आणि त्यातही त्याचा उत्तरार्ध. ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांनी पुढची टिपणं वाचू नयेत, सगळी गुपितं फोडलेली आहेत. पुस्तकाला सत्तर वर्षं होऊन गेली, त्यामुळे फारसं अपराधी वाटत नाही.

*

खरं म्हणजे हे मधलं पुस्तक नव्हतंच. टोल्किननं डिसेंबर १९३७मध्ये लिहायला घेतलं आणि १९४९मध्ये पुरं केलं ते एकच सलग काम होतं, आतून सहा 'पुस्तकां'त विभागलेलं. महायुद्धानंतरच्या इंग्लंडात कागद महाग होता आणि एवढा जाड ग्रंथ खपेल याची कुणाला खात्री नव्हती. म्हणून जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेनं दोन-दोन पुस्तकांचा एक असे तीन खंड केले. पहिला २९ जुलै १९५४ला आला, दुसरा ११ नोव्हेंबर १९५४ला, तिसरा २० ऑक्टोबर १९५५ला. याला 'ट्रिलॉजी' म्हटलेलं टोल्किनला रुचत नसे, पण जग तेच म्हणत राहिलं.

खंड पाडले म्हणून प्रत्येकाला नाव शोधणं आलं. मधल्याचं नाव ठरलं, पण ते दोन मनोरे कोणते, हे टोल्किनचंच पक्कं होईना. कधी एक जोडी, कधी दुसरी. पहिल्या खंडाच्या शेवटी जी टीप छापली तीत ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल आहेत. पीटर जॅक्सनच्या २००२च्या सिनेमात ऑर्थँक आणि बराद-दूर. या प्रश्नावर लोक हिरिरीनं वाद घालतात. घालोत बापडे. दोन वेगळ्या दिशांनी जाणाऱ्या कथांना एका कव्हरात बसवायची ती सोय आहे.

*

पंचेचाळीस लीग. अ‍ॅरागॉर्न, लेगोलास आणि गिमली ओर्कांच्या मागावर पायी एवढं अंतर काटतात, तेही चौथा दिवस मावळायच्या आत. लीग म्हणजे तीन मैल धरले तर सव्वादोनशे किलोमीटरच्या जरा आत, मुंबई-पुणे रस्त्याच्या जवळजवळ दीडपट. ऐकून घोडेस्वार एओमेरसुद्धा थक्क होतो.

आणि एवढं धावून मिळतं काय? ज्यांना सोडवायचं ते मेरी आणि पिपिन आधीच निसटून फँगॉर्नच्या जंगलात गेलेले. पुन्हा उशीर.

*

महत्त्वाची आहे ती मांडणी. खंडात एकवीस प्रकरणं आहेत. पहिली अकरा, म्हणजे मूळ आराखड्यातलं तिसरं पुस्तक, रोहनच्या गवताळ मुलखात आणि आयझेनगार्डला घडतात. नंतरची दहा, म्हणजे चौथं पुस्तक, फक्त फ्रोडो, सॅम आणि गॉलमची, पुढे फरामिरची. दोन्हींत अदलाबदल नाही. अकरा प्रकरणं होईपर्यंत पहिल्यांदा वाचणाऱ्याला अंगठी घेऊन गेलेला फ्रोडो जिवंत आहे की मेला याचा पत्ता नसतो. मग पान उलटतं आणि काळ मागे जातो. टोल्किनच्या पंचांगात तिसरं पुस्तक २६ फेब्रुवारी ते ५ मार्च आहे, चौथं २९ फेब्रुवारी ते १३ मार्च. (लीप वर्षाचा प्रश्नच नाही, हॉबिटांचा फेब्रुवारी दरवर्षी तीस दिवसांचा.) म्हणजे गँडाल्फबरोबर घोड्यावरून दौडत असलेल्या वाचकाला मानगूट धरून आठवडाभर मागे आणलं जातं आणि एका ओसाड कड्यावर, उतरायची वाट सापडेना अशा दोन थकलेल्या जिवांबरोबर सोडून दिलं जातं.

आजचा कुठलाही संपादक हे हस्तलिखित परत पाठवील. एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं करा म्हणेल. जॅक्सननं तसंच केलं, आणि पडद्यावर दुसरं काही चाललंही नसतं. पण त्या आलटूनपालटून दाखवण्यात एक गोष्ट हातची जाते.

आपल्याला ठाऊक असतं की गँडाल्फ परत आलाय. फ्रोडोला ते ठाऊक नाही. आख्खं चौथं पुस्तक तो एका मेलेल्या माणसाचं बोलणं आठवत चालतो. गॉलमला मारायचं की दया दाखवायची, हे ठरवताना त्याच्या कानात गँडाल्फचे जुने शब्द असतात आणि ते तो मृताची आज्ञा मानावी तसे मानतो. फरामिरला तो सांगतो की गँडाल्फ मोरियात पडला. फरामिर हळहळतो. पुस्तक हातात धरून बसलेले आपण काही बोलू शकत नाही. सिनेमात हे दुःख टिकत नाही, कारण मधेच पांढऱ्या घोड्यावरचा गँडाल्फ दिसून जातो आणि प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो. पुस्तकात सलग दहा प्रकरणं तो दिसत नाही. आपल्यालाही हळूहळू विसर पडू लागतो की तो आहे.

उलट दिशेनंही हेच. बोरोमिर मेला हे आपण पहिल्याच प्रकरणात वाचलेलं असतं. फ्रोडोला ते फरामिरच्या तोंडून कळतं, चौथ्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात. अ‍ॅरागॉर्न, लेगोलास आणि गिमलीनं बोरोमिरचं शव नावेत ठेवून धबधब्याकडे सोडून दिलं होतं. ती नाव फरामिरनं, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावानं, रात्री नदीवर पाहिली, आणि शिंगाचे दोन तुकडे दोन वेगळ्या ठिकाणी काठाला लागले. ताटातूट झालेल्या दोन कथांना जोडणारा एवढाच दुवा, वाहत गेलेलं एक प्रेत.

आणखी एक बारकावा दुसऱ्या वाचनात दिसला. मरताना बोरोमिरनं अ‍ॅरागॉर्नपाशी कबुली दिली होती की मी अंगठी हिसकावायला गेलो, माझं चुकलं. फ्रोडोला हे माहीत नाही. त्याच्या आठवणीतला शेवटचा बोरोमिर म्हणजे अंगावर धावून आलेला माणूस. म्हणून तो फरामिरसमोर इतका सावध, इतका अडखळत बोलतो. तो प्रसंग तणावाचा होतो तो आपल्याला जास्त माहीत असल्यामुळे.

*

दोन्ही कथा वेगळ्या ठेवायचा आपलाच नियम लेखक एकदा मोडतो. मॉर्डोरच्या काळ्या दरवाजासमोर फ्रोडो पुढे काय करायचं या विचारात बसलेला असताना निवेदक हळूच सांगून जातो की नेमक्या त्याच वेळी गँडाल्फ ऑर्थँकच्या पायऱ्यांवर सारुमनशी बोलतो आहे आणि पालांतीरचा गोळा तिथं आदळत असतानाही त्याचं मन फ्रोडो आणि सॅमला शोधत आहे. मोजक्या ओळी. पहिल्या वाचनात डोळ्यांखालून निसटून जातात. मुद्दाम थांबून वाचाव्यात.

*

हेल्म्स डीपची लढाई पुस्तकात एका प्रकरणाची आहे. एकवीसातलं एक. सिनेमाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे, वर एल्फांची पलटणही मदतीला येते, जी पुस्तकात येत नाही. टोल्किनला लढाईपेक्षा लढाईनंतरच्या सकाळचं आकर्षण अधिक असावं.

*

शाळेत असताना टोल्किनची 'मॅकबेथ'नं निराशा केली. बर्नमचं जंगल चालून येणार म्हणतात आणि येतात ते हातात फांद्या घेतलेले सैनिक! खरीखुरी झाडं युद्धावर निघालेली त्याला हवी होती. एंटांचा जन्म या तक्रारीतून झाला, असं त्यानं लिहून ठेवलंय.

मग स्वतःच्या पुस्तकात संधी आल्यावर त्यानं काय केलं? ट्रीबिअर्ड आणि एंट आयझेनगार्डवर चाल करून निघाले, इथवर दाखवलं आणि पडदा पाडला. भिंती कशा फोडल्या, पाणी कसं सोडलं, हे सगळं मेरी आणि पिपिन मागाहून सांगतात. तेही राडारोड्यात ऐसपैस बसून, पोटभर जेवून, पाइप ओढत. सिनेमातला तो लोंढा पाहताना अंगावर काटा येतो, मी नाकारत नाही. पण एवढी प्रचंड घटना दोन बुटक्यांनी गप्पांच्या ओघात, एकमेकांना दुरुस्त करत सांगायची, यात एक मिस्कीलपणा आहे. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीपेक्षा ऐकलेली गोष्ट मोठी वाटते, हे गोष्टी सांगणाऱ्या कुठल्याही आजीला माहीत असतं.

*

चौथं पुस्तक १९४४च्या वसंतात लिहिलं गेलं, बहुतेक सगळं एप्रिल-मेमध्ये. इतरत्र वर्षानुवर्षं अडखळलेल्या लेखकाला हा वेग नवा होता. (मोरियात बालिनच्या थडग्यापाशी तो जवळजवळ वर्षभर थांबून राहिला होता.) कारण घरगुती आहे. धाकटा मुलगा क्रिस्टोफर हवाई दलात होता आणि प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला होता. त्याच देशात, ब्लोमफाँटेनला, १८९२मध्ये टोल्किनचा जन्म झालेला. प्रकरणं लिहून झाली की टंकलिखित होऊन समुद्रापार मुलाकडे जात, हप्त्याहप्त्यानं. फ्रोडो आणि सॅमची ती पायपीट मुळात एका तरुण सैनिकासाठी लिहिलेली मालिका आहे, हे कळल्यावर सॅमच्या बोलण्यातला ओलावा वेगळा वाटू लागतो.

त्या दिवसांतली पत्रं वाचण्यासारखी आहेत. एका पत्रात चंद्राचं दुखणं आहे. दोन्हीकडच्या कथांत चंद्राच्या कला जुळेनात, म्हणून दुरुस्त्या करत बसावं लागलं. दुसऱ्यात फरामिरचं आगमन. हा माणूस इथिलियनच्या रानातून आपणहून चालत आला, मी त्याला बोलावलं नव्हतं, पण आता आवडतोय, अशा अर्थाचं काहीतरी तो मुलाला कळवतो, आणि हा बोलून बोलून गोष्ट अडवून धरतो अशी कुरकुरही करतो. शेवटची दोन प्रकरणं सी. एस. लुइसला वाचून दाखवली तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं, हीसुद्धा त्या पत्रांतलीच नोंद.

मला फरामिरचं बोलणं कधी लांबलेलं वाटलं नाही. सिनेमात मात्र त्याचं पार मातेरं झालं. पुस्तकातला फरामिर अंगठीचा मोह जवळजवळ लगेच बाजूला सारतो. सिनेमातला फ्रोडोला बांधून शहराकडे घेऊन जातो. मोहाला बळी न पडणारा माणूस पडद्यावर चालत नाही, असा काही समज असावा.

*

मृतांची दलदल. पाण्याखाली चेहरे, पेटलेले दिवे, आणि त्या दिव्यांकडे पाहू नका असं बजावणारा गॉलम. १९१६मध्ये टोल्किन लँकेशायर फ्यूझिलियर्समधला संदेशवहन अधिकारी म्हणून सोमच्या लढाईत होता, खंदकज्वर होऊन परतला. त्या दलदलीचं थोडं देणं सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सला लागतं, हे त्यानं मोकळेपणी मान्य केलं. कथेवर युद्धांचा प्रभाव शोधणाऱ्यांना तो एरवी दाद देत नसे, म्हणून ही कबुली लक्षात राहते.

*

गॉलम ससे धरून आणतो. सॅम घरापासून पाठीवर वागवलेलं भांडं काढतो आणि रस्सा शिजवतो. मीठ आहे, रानातला सुगंधी पाला मिळतो, बटाटे मिळत नाहीत. गॉलमला असं चांगलं मांस शिजवून नासवणं पटत नाही. मॉर्डोरच्या उंबरठ्यावर हा संसार! आणि त्याच चुलीच्या धुरानं घात होतो. धूर पाहून फरामिरची माणसं त्यांना घेरतात.

त्याच प्रकरणात थोड्या वेळानं सॅम माणसांची माणसांशी होणारी लढाई पहिल्यांदा पाहतो. दक्षिणेकडचा एक सैनिक त्याच्या पायांशी येऊन कोसळतो. याचं नाव काय असेल, हा कुठून आला, मनानं खरंच वाईट होता की कुणाच्या थापांनी, धाकानं घरापासून इतका लांब आला, असे प्रश्न त्या माळ्याच्या मनात येतात. आपल्या बाजूचा विजय चालू असताना शत्रूच्या शिपायाबद्दल असं कुतूहल या प्रकारच्या कादंबऱ्यांत क्वचित भेटतं. रश्श्याइतकीच जागा त्यालाही मिळालेली आहे, थोडी कमीच.

*

सिरिथ उंगोलच्या पायऱ्या चढून थकलेला सॅम म्हणतो, आपणही एखाद्या गोष्टीत आहोत का? मग त्याला आठवतं की जुन्या दंतकथेतल्या बेरेनचं जे रत्न, त्याचाच उजेड फ्रोडोजवळच्या कुपीत आहे. म्हणजे ती गोष्ट संपलेलीच नाही, आपण तिच्याच पुढच्या भागात आहोत. गोष्टीतल्या माणसांना आपली गोष्ट सुखाची की दुःखाची हे ठाऊक नसतं, हेही ते दोघं आपसांत बोलतात.

वनपर्वातला युधिष्ठिर आठवतो. अर्जुन अस्त्रं आणायला गेलेला, बाकीचे रानात, आणि बृहदश्व ऋषी जुगारात सगळं घालवलेल्या राजाला जुगारात सगळं घालवलेल्या नलाची कथा सांगतात. महाकाव्यांच्या मध्यावर लोक एकमेकांना गोष्टी सांगतात. दुसरं करणार काय?

याच पायऱ्यांवर या खंडातला सर्वांत अवघड क्षण आहे. दोघं झोपलेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. गॉलम परत येतो. तो शीलॉब या राक्षसी कोळिणीकडे जाऊन दगाबाजीची तयारी करून आला आहे. त्या दोघांकडे बघताना त्याचा चेहरा बदलतो, वर खिंडीकडे वळून बघतो, मान हलवतो, आणि अगदी हळू हात लांबवून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. त्या क्षणी कुणी पाहिलं असतं तर एक म्हातारा, थकलेला हॉबिट दिसला असता. तेवढ्यात सॅमला जाग येते. धन्याशी काय चाळे करतोस म्हणून तो खेकसतो, चोरटा म्हणतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा तो हिरवा विखार. सॅम नंतर माफी मागतो, पण वेळ गेलेली असते.

टोल्किनला स्वतःला हा क्षण सगळ्या कथेतला बहुधा सर्वांत शोकात्म वाटे. सौरॉनचा यात हात नाही, अंगठीचाही नाही. वाचकाचा सर्वांत लाडका माणूस, झोपमोड झालेला, प्रेमापोटी दोन शब्द कडू बोलतो. सॅमला दोष द्यावा की नाही, मला ठरवता आलेलं नाही. टोल्किनही देत नाही आणि सोडतही नाही.

*

इतरांचे मधले भाग. जॉर्ज मार्टिननं कथा फुगल्यावर चौथ्या भागात (२००५) अर्धी पात्रं घेतली आणि उरलेली पाचव्यात (२०११) टाकली. आवडत्या पात्रांसाठी वाचक सहा वर्षं ताटकळले, आणि पुढच्या भागाची वाट अजून बघताहेत. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' चौदा खंडांची झाली. २००७मध्ये तो वारला आणि ब्रँडन सँडरसननं त्याच्या टिपणांवरून २०१३मध्ये शेवट गाठला. जॉर्डनच्या मधल्या खंडांत कथा इतकी मंदावते की निष्ठावंतही पानं गाळतात.

उलट उर्सुला ले ग्विन. 'अर्थसी'मधलं तिचं दुसरं पुस्तक, 'द टूम्ब्स ऑफ आटुआन' (१९७१), पहिल्या पुस्तकाच्या नायकाला बराच वेळ येऊच देत नाही. तिथं एक मुलगी आहे, अंधारी भुयारं आहेत, बस्स. छोटंसं पुस्तक. टोल्किनच्या चौथ्या पुस्तकाच्या पंगतीला बसवावं असं मला तेच एक वाटतं.

राल्फ बाक्षीनं १९७८मध्ये काढलेला अ‍ॅनिमेशनपट हेल्म्स डीपनंतर थांबला तो थांबलाच. पुढचा भाग निघाला नाही.

*

शेवट. सॅमला वाटतं फ्रोडो मेला. तो अंगठी घेऊन पुढे निघतो आणि मग ओर्कांच्या बोलण्यातून कळतं की शीलॉबचं विष फक्त बधिर करतं. दरवाजा बंद, सॅम बाहेर, फ्रोडो जिवंत पण शत्रूच्या हातात. खंड इथंच मिटतो. १९५४च्या वाचकांना इथून पुढे अकरा महिने काढावे लागले, मुख्यतः परिशिष्टांचं काम लांबल्यामुळे. खुद्द टोल्किनलाही हा तिढा सोडवून कथा शेवटाला न्यायला आणखी पाच वर्षं लागली, असं तो प्रस्तावनेत सांगतो.

आपल्याकडे मुग्धा कर्णिक यांनी हे सगळं 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणलेलं आहे, तेव्हा इंग्रजीची अडचण सांगायला नको. मराठीत वाचा किंवा इंग्रजीत, तिसरा खंड आधी घरात आणून ठेवा, आणि चौथ्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं रात्री झोपायच्या वेळी सुरू करू नका.